अया पडते तेव्हा हात पुढे का येत नाहीत? एक जपानी मालिका आणि लहान मेंदूचा आजार

चालताना तोल गेला तर आपण विचार करत बसत नाही. विचार सुरू व्हायच्या आत हात पुढे गेलेले असतात. तळवे सोलवटतात, पण तोंड वाचतं. 'वन लिटर ऑफ टिअर्स' या जपानी मालिकेच्या पहिल्या भागात पंधरा वर्षांची अया पडते आणि तिची हनुवटी फुटते. हात पुढे आलेलेच नसतात. घाईत पडली असेल, वेंधळीच आहे, असं म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट. डॉक्टर मात्र जखम किती खोल आहे यापेक्षा ती कुठे झाली आहे याचा विचार करतात.

मालिकेतलं पुढचं सगळं याच प्रश्नातून निघतं. हा आजार समजून घ्यायलाही सुरुवात इथूनच केलेली बरी.

आधी मालिकेविषयी थोडं. फुजी टीव्हीवर 2005 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात, आठवड्याला एक असे तिचे 11 भाग दाखवले गेले. जपानी मालिकांचा साधारण बेत असाच असतो: तीन महिने, दहा-अकरा भाग, की संपली. (वर्षानुवर्षं त्याच दिवाणखान्यात तीच सासू बघायची सवय असलेल्या आपल्याला आधी चुकल्यासारखं होतं, मग बरंही वाटतं.) गोष्ट बेतलेली आहे अया कितो या खऱ्या मुलीच्या डायरीवर. ती 1962 सालची, आइची प्रांतातल्या तोयोहाशी शहरातली. चौदाव्या वर्षी तिने लिहायला सुरुवात केली आणि हातात पेन धरवेना तोवर लिहीत राहिली. 1986 मध्ये, तिच्या हयातीतच, डायरीचं पुस्तक झालं. 1988 च्या मे महिन्यात ती गेली, तेव्हा ती 25 वर्षांची होती. मालिकेने तिला 2000 नंतरच्या काळात आणलं, इकेउची हे आडनाव दिलं आणि वडिलांना तोफूचं दुकान काढून दिलं. आई मात्र खऱ्या आयुष्यात होती तशीच सार्वजनिक आरोग्य खात्यातली नर्स ठेवली. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण या आईला रिपोर्ट वाचता येतो. डॉक्टर काय टाळून बोलताहेत, हे तिला कळतं.

लहान मेंदू करतो काय

आजाराचं नाव स्पायनोसेरेबेलर डिजनरेशन. नाव मोठं आहे, पण अर्थ सरळ आहे: लहान मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या काही पेशी हळूहळू झिजत जातात. हा एकच एक आजार नाही, आजारांचं गोत्र आहे. त्यातून हालचालींचा मेळ बिघडतो, त्याला अटॅक्सिया म्हणतात.

लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असतो. आकाराने अख्ख्या मेंदूचा साधारण दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या एकूण चेतापेशींपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त पेशी याच्यात कोंबलेल्या असतात. आता कुणी विचारेल, याच्याकडे काम काय? हालचाल सुरू करणं हे त्याचं काम नाही. 'ग्लास उचल' हा हुकूम मोठ्या मेंदूतून निघतो आणि बळ स्नायूंचं असतं. लहान मेंदू फक्त दुरुस्ती करत राहतो. पतंग वर चढतो तो वाऱ्यावर, पण त्याला वर टिकवते ती बोटांची सततची ढील आणि खेच, जी बघणाऱ्याला दिसतही नाही. हात ग्लासापर्यंत किती वेगाने न्यायचा, कुठे आवरायचा, बोटं किती उघडायची, पकड किती घट्ट हवी, हे हिशेब लहान मेंदू सेकंदाच्या छोट्या छोट्या भागांत करत असतो. हात जिथे जायला हवा आणि जिथे चालला आहे, त्यांतला फरक मोजून तो लगेच दुरुस्ती पाठवतो.

ही दुरुस्ती थांबली की हात ग्लासाच्या अलीकडे राहतो किंवा पलीकडे जाऊन आदळतो. पडताना हात वेळेत पुढे न येणं, हेही यातूनच. अयाला हा अनुभव आधी घरच्या जेवणात येतो. पुढ्यातला घास चॉपस्टिक्समध्ये सापडत नाही. दवाखान्यात डॉक्टर तिला स्वतःच्या नाकाला बोट लावून मग त्यांच्या बोटाला लावायला सांगतात. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो, पण न्यूरॉलॉजीतली ही रोजची तपासणी आहे. बोट लक्ष्याजवळ आल्यावर थरथरलं किंवा चुकलं, तर लहान मेंदूवर संशय येतो. मग एमआरआय काढतात आणि त्यात लहान मेंदू आकसलेला दिसू शकतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा लकवा नव्हे. पायांत ताकद असते, मेळ नसतो. म्हणून चालताना माणूस पाय फाकवून, डुलत, भिंतीचा अंदाज घेत जातो. लोकांना वाटतं, प्यायलेला आहे. हा आरोप अटॅक्सियाच्या रुग्णांना फार सोसावा लागतो आणि त्याचं कारणही साधं आहे. दारू चढल्यावर जी चाल बिघडते, तीही लहान मेंदूचं काम मंदावल्यामुळेच. तुमच्या इमारतीत संध्याकाळी कुणी असं चालताना दिसलं, तर मत बनवण्याआधी थोडं थांबा.

चालीनंतर बोलणं. जीभ, ओठ, टाळू, श्वास हे सगळं एका तालात यावं लागतं तेव्हा कुठे एक वाक्य बनतं. ताल गेला की अक्षरं सुटी पडतात, काही जोरात येतात, काही गिळली जातात. एरिका सावाजिरी ही नटी तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती. तिने हे बोलणं भागागणिक इतकं हळू बिघडवत नेलं आहे की आठव्या-नवव्या भागात आल्यावर आपल्याला एकदम पहिल्या भागातला आवाज आठवतो. त्यानंतर गिळणं. गिळायला सगळ्यात सोपं पाणीच असेल असं आपल्याला वाटतं, पण इथे पाणीच सगळ्यात अवघड. ते इतक्या वेगाने घशात उतरतं की श्वासनलिका वेळेत बंद होत नाही आणि पाणी फुफ्फुसात जातं. म्हणून पातळ पदार्थ मुद्दाम दाट करून देतात. या आजारात रुग्णाच्या जिवावर अनेकदा बेततं ते लहान मेंदूमुळे थेट नव्हे, तर अशा ठसक्यातून होणाऱ्या न्यूमोनियामुळे.

आणि हस्ताक्षर. भागांच्या शेवटी खऱ्या डायरीतले उतारे आणि अयाचे फोटो येतात, ते घाईने पुढे ढकलू नका. पार्किन्सनच्या रुग्णाचं अक्षर बारीक होत जातं. लहान मेंदूच्या आजारात उलट होतं, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होत जातं, कारण पेन कुठे थांबवायचं हेच हाताला उमगत नाही.

एकेक निर्णय

या सगळ्यात विचार करणारा मोठा मेंदू बहुतांशी शाबूत राहतो. मालिका तो पूर्ण शाबूत दाखवते. गेल्या पंचवीसेक वर्षांच्या संशोधनातून दिसलं आहे की लहान मेंदूचा थोडा हात विचारांच्या आखणीत आणि भावनांच्या तोलातही असतो, त्यामुळे काही रुग्णांत तिथेही फरक पडतो. पण स्मृती जाऊन माणूस हरवतो, असं इथे सहसा होत नाही. काय काय जातं आहे हे माणसाला स्वतःला दिसत राहतं. मला वाटतं, ही मालिका लोकांना इतकी लागते ती यामुळे. रडवणाऱ्या मालिका जपानमध्ये ढिगाने आहेत.

शिवाय हा आजार एका झटक्यात काही नेत नाही. तो दर काही महिन्यांनी एक वस्तू मागतो आणि प्रत्येक वेळी घराला निर्णय घ्यावा लागतो. बास्केटबॉल कधी सोडायचं? काठी आधी घ्यायची की एकदा आपटल्यावर? व्हीलचेअर आणली तर तिने हार मानली असं तिला वाटेल का? मृत्यूबद्दल ही मालिका फार बोलत नाही. ती बोलते या निर्णयांबद्दल, आणि बहुतेक निर्णय थोडे उशिराच होतात.

सगळ्यात मोठा निर्णय शाळेचा. अया प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या हायस्कुलात आलेली आहे. वर्गप्रतिनिधी आहे. आजार वाढतो तशा मैत्रिणी तिला एका वर्गातून दुसऱ्या वर्गात न्यायला लागतात, तास उशिरा सुरू व्हायला लागतात. मग पालकांची सभा होते. त्या सभेत कुणी दुष्टपणे बोलत नाही, म्हणून तर ती बघवत नाही. आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नाही. शेवटी अया स्वतःच सांगते की ती अपंग मुलांच्या निवासी शाळेत जाणार आहे. ती निघते तेव्हा वर्ग मागे धावत येऊन गातो. प्रसंग जमलेला आहे, माझेही डोळे भरले. पण डोळे पुसल्यावर एक प्रश्न राहतो. गाणं म्हणायला अख्खा वर्ग येऊ शकतो, तर जिन्यापाशी दोन माणसं पगार देऊन का ठेवता आली नाहीत?

उत्तर कायद्यात सापडतं. खऱ्या अयाच्या शालेय वयात, 1979 मध्ये, जपानने अपंग मुलांसाठी वेगळ्या शाळा काढणं प्रांतांना सक्तीचं केलं. जी मुलं तोवर घरीच बसवली जात होती, त्यांच्यासाठी हे मोठं पाऊल होतं. पण त्यामुळे 'तिच्यासाठी वेगळी शाळा आहे ना' असं म्हणायची सोयही झाली. नेहमीच्या शाळेने आपल्यात बदल करावेत, अपंग विद्यार्थ्याला लागणारी वाजवी सोय करून द्यावी, ही जबाबदारी कायद्यात आली ती 2013 मध्ये मंजूर झालेल्या भेदभावविरोधी कायद्याने. तो 2016 पासून सरकारी शाळांना आणि कार्यालयांना लागू झाला, खासगी संस्थांवर तशीच सक्ती व्हायला एप्रिल 2024 उजाडलं. मालिका 2005 ची आहे. त्या सभेत अशी सोय मागायला अयाच्या आईच्या हातात कायद्याचं कलम नव्हतं. आपल्याकडे हे तत्त्व 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. किती शाळांना ते ठाऊक आहे, हा वेगळा लेख होईल.

आणखी एक निर्णय: सांगायचं कुणाला? डॉक्टर आधी आईवडिलांना सांगतात, मुलीला नंतर कळतं. ती अल्पवयीन आहे हे खरं, पण जपानमध्ये मोठ्या माणसांच्या बाबतीतही कितीतरी काळ हीच रीत होती: कॅन्सरचं निदान घरच्यांना सांगायचं, रुग्णाला नाही. मराठी प्रेक्षकाला हे परकं वाटणार नाही. 'त्यांना एवढ्यात काही सांगू नका हं डॉक्टर' हे वाक्य आपल्या दवाखान्यांच्या बाहेर रोज ऐकू येतं. मालिका इथे बाजू घेते, आणि ठामपणे घेते. अयाला कळतं त्यानंतरच ती स्वतःचे निर्णय घेऊ लागते.

अकोच्या मनात काय असेल

मला या मालिकेतलं सगळ्यात आवडलेलं पात्र अया नाही, तिची धाकटी बहीण अको आहे. सुरुवातीला ही मुलगी हुशार ताईवर धुमसणारी, तिरकं बोलणारी. पुढे धाकट्या भावाला मित्रांसमोर ताईची लाज वाटते, तेव्हा त्याला खडसावते ती अकोच. आणि शेवटी ताईला सोडावी लागलेली तीच शाळा गाठायचं ठरवते.

पण एक प्रश्न त्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसलेला आहे आणि मालिका त्याच्याकडे बघत नाही: हा आजार अकोला होईल का?

जपानमध्ये या गोत्रातले साधारण एक तृतीयांश रुग्ण आनुवंशिक प्रकारांचे असतात, उरलेल्यांच्या घराण्यात दुसरं कुणी आजारी नसतं. आनुवंशिक प्रकारांपैकी बरेच असे आहेत की आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून बिघडलेला जनुक आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. त्यांपैकी अनेकांत बिघाड एकाच तऱ्हेचा असतो. जनुकाच्या रासायनिक लिपीतली सी, ए, जी ही तीन अक्षरं एकामागोमाग पुन्हा पुन्हा येतात. ठरावीक मर्यादेपर्यंत ते चालतं. मर्यादेबाहेर गेलं की त्या जनुकावरून बनणारं प्रथिन नीट घडी घेत नाही, पेशीत त्याच्या गाठी होतात आणि पेशी खंगते. ही पुनरावृत्ती पुढच्या पिढीत जाताना वाढू शकते, आणि ती जितकी लांब तितका आजार लवकर दिसतो. म्हणून कधी कधी वडिलांच्या आधी मुलात लक्षणं दिसतात आणि घराला वाटतं की आजार आभाळातून पडला.

हे सगळं अया कितोच्या हयातीत कुणालाच माहीत नव्हतं. या गोत्रातल्या प्रकारांना एससीए (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया) आणि पुढे क्रमांक अशी नावं आहेत; त्यांतला पहिला जनुक, एससीए 1 चा, सापडला 1993 मध्ये. तिच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. याच गोत्रातल्या, जपानमध्ये बराच आढळणाऱ्या मचाडो-जोसेफ आजाराचा जनुक 1994 मध्ये जपानी संशोधकांनी शोधला. आता रक्ताच्या तपासणीतून अनेक प्रकार ओळखता येतात. पण उपाय नसलेल्या आजाराची, लक्षणं नसलेल्या अल्पवयीन भावंडाची तपासणी सहसा करत नाहीत. मोठं झाल्यावर समुपदेशन घेऊन त्याचं त्यानेच ठरवायचं, असा शिरस्ता आहे. कारण 'होईल' हे उत्तर एकदा कळलं की परत करता येत नाही.

कुठल्या मुलखात कुठला प्रकार, हेही बघण्यासारखं आहे. एससीए 31 जवळजवळ फक्त जपानी लोकांत दिसतो. युरोपात नेहमी आढळणारा फ्रिडरीच अटॅक्सिया जपानमध्ये जवळपास नाहीच. आणि जगात दुर्मीळ असलेला एससीए 12 उत्तर भारतातल्या अगरवाल समाजात लक्षणीय प्रमाणात सापडतो. त्याची सुरुवात बहुधा हात थरथरण्यापासून होते.

ही मालिका बघून कुणी घाबरलं असेल तर दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली: अयाचा आजार लहानपणी सुरू होणारा आणि वेगाने वाढणारा होता. एससीए 6 किंवा 31 सारख्या प्रकारांत लक्षणं बहुधा पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर सुरू होतात आणि सावकाश वाढतात, आयुर्मान फारसं घटत नाही. दुसरी: तोल जाण्याची कितीतरी कारणं उपचाराने बरी होणारी असतात. ई किंवा बी 12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, दारू, फिटच्या काही औषधांची जास्त झालेली मात्रा. मोबाइलवर लक्षणं शोधत जागत बसण्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

उपचारांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जपानमध्ये 2000 सालापासून टाल्टिरेलिन नावाची गोळी मिळते, तिचा उपयोग बेताचाच. फ्रिडरीचसाठी अमेरिकेत 2023 मध्ये पहिलं औषध मंजूर झालं, पण ते त्या एका प्रकारापुरतं. कामाला येतो तो व्यायाम. जपानी डॉक्टरांनी रुग्णांकडून चार आठवडे कसून फिजिओथेरपी करवून घेतली तेव्हा चाल आणि तोल सुधारला. पुढे काही महिन्यांत तो फायदा ओसरत गेला, म्हणून व्यायाम सोडून चालत नाही.

पैसे कोण देतं

मालिकेत इकेउची कुटुंब दुकान चालवतं, चार मुलं आहेत, तरी इस्पितळाचं बिल भरायला घर विकलं असं काही होत नाही. भारतीय प्रेक्षकाला ही पटकथेची सोय वाटेल. तसं नाही.

यामागे एक घोटाळा आहे. साठच्या दशकात जपानमध्ये हजारो लोकांचे पाय बधिर पडू लागले, नजर जाऊ लागली. संसर्ग असावा अशी भीती पसरली. शोध घेतल्यावर निघालं की पोटाच्या तक्रारींवर सर्रास दिलं जाणारं क्लिओक्विनॉल हे औषधच त्याला कारणीभूत आहे. 1970 मध्ये त्याची विक्री थांबवली गेली. पण त्या धक्क्यातून सरकारला एक गोष्ट पटली: कारण ठाऊक नाही, उपाय नाही आणि आयुष्यभर सोबत राहतो, अशा आजारांचा भार एकट्या घरावर टाकता येणार नाही. 1972 मध्ये अशा आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आलं. त्यात संशोधनाला पैसा आणि रुग्णाच्या खर्चाला हातभार, दोन्ही एकत्र होतं. 2015 पासून त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला आणि आज यादीत तीनशेहून जास्त आजार आहेत. स्पायनोसेरेबेलर डिजनरेशन त्यात आहे. ठरवलेल्या निकषांइतका आजार वाढलेला असेल तर रुग्ण खर्चाचा पाचवा हिस्सा भरतो, आणि तोही उत्पन्नानुसार ठरलेल्या मासिक मर्यादेपर्यंतच.

भारताचं दुर्मीळ आजारांचं धोरण 2021 चं. यादीतल्या आजारांसाठी, नेमलेल्या केंद्रांतून, रुग्णामागे 50 लाखांपर्यंत मदत देता येते. मुंबईचं केईएम हे त्यांपैकी एक केंद्र. रक्कम मोठी दिसते. पण अयासारख्या रुग्णाला एक महागडं इंजेक्शन नको असतं. दहा-बारा वर्षं रोजचा आधार हवा असतो: फिजिओथेरपिस्ट, व्हीलचेअर, घरी येणारी नर्स, आईला चार दिवस सुट्टी. मासिक मर्यादेची जपानी पद्धत या आजाराच्या चालीला जास्त जुळते, असं माझं मत आहे.

मालिका कुठे हात राखून वागते तेही सांगून टाकतो. हारुतो हा अयाला साथ देणारा मुलगा पूर्ण काल्पनिक आहे, डायरीत तो नाही. खऱ्या अयाच्या डॉक्टर एक बाई होत्या, पडद्यावर तरुण देखणा पुरुष आहे. डायरीत राग आहे, एकटेपण आहे, शरीराची लाज आहे. मालिकेत तोच राग मऊ उजेडात येतो. शू-शीची, अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमांची, आईच्या पाठदुखीची बाजू जवळपास वगळलेली आहे. घरी अशा रुग्णाची काळजी घेणाऱ्याला हे लगेच जाणवेल.

शेवटच्या भागांत अयाला बोलता येत नाही, तेव्हा ती अक्षरांचा तक्ता वापरते. एकेका अक्षराकडे बोट नेते आणि समोरचा ते मोठ्याने म्हणतो. जपानी लिपीला हा तक्ता सोयीचा पडतो: सेहेचाळीस मूळ अक्षरं, बहुतेकांत व्यंजन आणि स्वर आधीच जोडलेले. मराठीत तसं नाही. 'कूस' म्हणायला क, दीर्घ ऊकार, स असे तीन थांबे, जोडाक्षर आलं की आणखी वाढतात, आणि थरथरणाऱ्या हाताला प्रत्येक थांबा महाग असतो. म्हणून मराठी घरात असा तक्ता करायचा तर नुसती मुळाक्षरं छापून भागत नाही. एका बाजूला पूर्ण शब्द हवेत: पाणी, कूस बदला, पंखा बंद, दुखतंय, नको, आईला बोलवा. घरातल्यांची नावंही हवीत. आणि तक्ता वाचा जायच्या आधी, रुग्णाला स्वतःला शब्द सुचवता येताहेत तेव्हाच, त्याच्याबरोबर बसून करायला हवा. नाहीतर त्यावर घरच्यांना सोयीचे शब्द येतात आणि 'मला एकटं सोडा' हा राहून जातो.